संथ गतीचे सामर्थ्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



मनुष्याचे वय वाढू लागते तशी त्याच्या संपत्तीची मोजदाद अनेक प्रकारे होऊ लागते. दुकान, घर, ठेवी, मुलेबाळे, नातवंडे यांचा हिशेब जो तो आपापल्या परीने मांडत असतो. परंतु कोणाच्याही आधाराविना स्वतःच्या दोन पायांवर उभे राहता येणे, ही जी संपत्ती आहे तिची नोंद कोणत्याही खातेवहीत आढळत नाही. ती हातची जाते तेव्हाच तिचे मोल ध्यानी येते. स्नानगृहातील ओल्या फरशीवर पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि काल जो मनुष्य घराचा कर्ता होता तो आज पाण्याच्या पेल्यासाठीही दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागतो. हाड कालांतराने जुळते. मनात बसलेली धास्ती मात्र लवकर जात नाही. पडण्याच्या भीतीने वयस्क व्यक्ती जिना टाळते, बाजार टाळते, मंदिराच्या पायऱ्याही टाळते. चालणे घटले की स्नायू क्षीण होतात, स्नायू क्षीण झाले की तोल अधिक बिघडतो, आणि तोल बिघडला की पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. या चक्राला छेद देण्याचा एक मार्ग चीन देशात विकसित झाला. त्याचे नाव ताई-ची. आजचे विवेचन नवशिक्या साधकाच्या दृष्टीने या व्यायामप्रकाराचा परिचय करून देण्यासाठी आहे.

प्रथम नावाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. ताई-ची या शब्दातील 'ची' म्हणजे प्राणशक्ती, असे अनेकांना वाटते. चिनी भाषेत प्राणशक्तीवाचक शब्द निराळा असून त्याचे लेखनही निराळे आहे. ताई-ची म्हणजे 'परम टोक' अथवा 'अंतिम सीमा'. ज्या मूळ तत्त्वातून यिन आणि यांग, अर्थात स्थिर आणि चल, मृदू आणि कठीण ही द्वंद्वे उद्भवतात, त्या तत्त्वाची ती संज्ञा होय. या कलेचे पूर्ण नाव 'ताई-ची-छुआन' असे असून 'छुआन' म्हणजे मूठ. म्हणजेच मुळात ही एक युद्धकला आहे.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजात येथे शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. युद्धकलेचा आणि शांतीचा संबंध काय? तिचे उत्तर या कलेच्या स्वरूपातच आहे. येथे प्रतिपक्षाच्या बळाला बळाने भिडावयाचे नसते. त्याचा रेटा येईल त्या दिशेला आपण वळून जावयाचे, त्याला वाट करून द्यावयाची आणि स्वतःचा तोल राखावयाचा, हे तिचे सूत्र आहे. आरोग्यासाठी शिकणाऱ्या व्यक्तीचा तर कोणाशीही सामना नसतो. जगभरातील उद्यानांतून जे लोक प्रातःकाळी संथपणे हात फिरवताना दिसतात, त्यांतील बहुसंख्यांनी आयुष्यात कोणावर मूठ उगारलेली नसते. त्यांची झुंज असते ती स्वतःच्या आखडलेल्या खांद्यांशी आणि अस्वस्थ मनाशी.

या कलेचा इतिहास थोडक्यात पाहू. चीनच्या हेनान प्रांतातील वेन परगण्यात चेन घराण्याचे एक गाव आहे. सतराव्या शतकात त्या गावातील चेन वांगटिंग या योद्ध्याने ही पद्धती रचली, असे अनेक अभ्यासक मानतात. वुदांग पर्वतावरील चांग सानफंग नामक तपस्व्याने ती निर्माण केली ही कथा लोकप्रिय असली, तरी ती आख्यायिकाच होय. पुढे यांग लूचान (१७९९-१८७२) यांनी चेन गावात ही विद्या संपादन केली आणि बीजिंगमध्ये जाऊन ती शिकविली. त्यांचे नातू यांग चेंगफू (१८८३-१९३६) यांनी तिच्यातील उड्या आणि आवेगाचे प्रहार वगळून मोकळ्या, विस्तृत आणि एकसारख्या संथ हालचालींची शैली रूढ केली. तेथून ही कला सैनिकांच्या हातून सामान्य गृहस्थांच्या हाती आली. चेन, यांग, दोन निरनिराळ्या वू आणि सुन या तिच्या पाच प्रमुख शैली मानल्या जातात.

नवशिक्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९५६ हे होय. यांग शैलीचा पारंपरिक दीर्घ क्रम शंभराच्या आसपास हालचालींचा असून तो पूर्ण करण्यास सुमारे अर्धा तास लागतो. कारखान्यात राबणाऱ्या आणि कार्यालयात बसणाऱ्या सामान्य माणसाला तो शिकणे दुष्कर होते. म्हणून चीनच्या राष्ट्रीय क्रीडा आयोगाने जाणकार गुरूंकडून त्या वर्षी २४ हालचालींचा सुलभ क्रम तयार करून घेतला. पुनरावृत्ती वगळली, सोप्याकडून अवघडाकडे अशी मांडणी केली आणि सारा क्रम पाच-सहा मिनिटांत बसविला. आज जगात सर्वाधिक प्रमाणात शिकविल्या जाणाऱ्या क्रमांत त्याची गणना होते. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई-ची-छुआनचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. साठी उलटलेला, आयुष्यभर गादीवर बसून व्यापार केलेला एखादा गृहस्थ पहिल्या दिवशी वर्गात येतो, तेव्हा त्याला काही विशेष करावयास मिळेल अशी अपेक्षा असते. शिक्षक त्याला केवळ उभे राहण्यास सांगतात. पावले समांतर, त्यांत खांद्यांइतके अंतर, गुडघे किंचित सैल, माकडहाड खाली सोडलेले, डोके टाळूपाशी अदृश्य धाग्याने वर टांगले आहे अशी कल्पना, खांदे उतरलेले, जिभेचे टोक टाळ्याला हलकेच टेकलेले आणि श्वास नाकावाटे. दोन मिनिटे अशी जातात न जातात तोच त्या गृहस्थाला उमगते की, आपले खांदे सदैव कानांकडे ओढलेले असतात, जबडा आवळलेला असतो आणि सारा भार एकाच पायावर टाकून उभे राहण्याची सवय जडलेली आहे. हे उमगणे हाच पहिला धडा होय.

दुसरा धडा प्रारंभाच्या हालचालीचा. दोन्ही हात तळवे खाली करून पाण्यावर तरंगत यावेत तसे खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलावयाचे. नंतर गुडघे थोडे वाकवीत ते पोटाच्या उंचीपर्यंत खाली आणावयाचे. पाहणाऱ्याला हे अगदी क्षुल्लक वाटते. करणाऱ्याला मात्र हात उचलताना खांदा न उचलणे, गुडघे वाकविताना पाठ न वाकविणे आणि हे सारे करताना श्वास न कोंडणे या तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

तिसरा धडा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याचा. ताई-चीच्या परिभाषेत भार पेलणारा पाय 'भरलेला' आणि मोकळा पाय 'रिकामा' म्हटला जातो. चालताना आधी एक पाय पूर्ण भरावयाचा, मगच रिकामा पाय उचलावयाचा. त्याची टाच अलगद जमिनीला टेकवावयाची, जमीन आहे याची खात्री करावयाची आणि त्यानंतरच हळूहळू भार पुढे न्यावयाचा. जो मनुष्य रिकाम्या पायाने आधी चाचपून मग भार टाकतो, तो ओल्या फरशीवर वा अंधाऱ्या जिन्यात सहसा फसत नाही. व्यापारातही शहाणा माणूस नव्या पेढीशी सारे भांडवल गुंतवून व्यवहार सुरू करीत नाही. आधी लहान उलाढाल करून पाहतो. तद्वतच हे आहे.

यापुढे एकेक हालचाल शिकविली जाते. तिची नावे मोठी रम्य आहेत. रानघोड्याची आयाळ दुभागणे, शुभ्र क्रौंचाने पंख पसरणे, पिपा नामक तंतुवाद्य हाती धरणे, ढगांप्रमाणे हात फिरविणे, ही त्यांतील काही. या नावांत केवळ काव्य नाही. ती स्मरणाची साधने आहेत. 'उजवा हात वर, डावा खाली, भार उजव्या पायावर' हे सूत्र विसरले जाते. पंख पसरलेला क्रौंच पक्षी मात्र डोळ्यांसमोर राहतो.

हे सारे इतके संथ का, असा प्रश्न प्रत्येक नवशिक्याच्या मनात येतो. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वेगाने चालताना शरीर पुढे झेपावत असते आणि एका पायावरचा काळ निमिषार्धात संपून जातो. तोलातील उणीव वेगाखाली झाकली जाते. हालचाल संथ केली की वेगाचा आधार सुटतो. एकेका पायाला शरीराचा भार काही सेकंद एकट्याने पेलावा लागतो. मांडीचे, पोटरीचे आणि घोट्याभोवतीचे स्नायू न थकविणाऱ्या परंतु अखंड कामास लागतात. तळपायाला जमिनीचा, सांध्यांना स्वतःच्या स्थितीचा आणि कानातील तोलेंद्रियाला कलण्याचा जो संदेश मिळतो, तो मेंदूपर्यंत पोहोचून त्यावर दुरुस्ती होण्यास अवधी मिळतो. अशा रीतीने बळ आणि तोल यांचे एकत्र शिक्षण घडते.

मनाच्या विश्रांतीचे कारणही याच संथपणात आहे. पुढचे पाऊल कोठे, हात कोठे, कंबर कोणीकडे वळली, याचे अवधान ठेवताना उधारीची वसुली आणि उद्याची चिंता यांना मनात जागा उरत नाही. चित्त बळाने आवरावे लागत नाही; त्याला काम मिळाल्याने ते आपोआप एका ठिकाणी राहते. श्वास क्रमाने खोल आणि सम होतो. चिनी भाषेत या अवस्थेला 'सुंग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ ढिलेपणा असा नाही. आवश्यक तेवढेच बळ लावावे आणि अनावश्यक ताण सोडून द्यावा, असा त्याचा आशय आहे. अंग टाकून आरामखुर्चीत पडणे निराळे आणि उभ्या शरीरात शैथिल्य आणणे निराळे.

हालचाल कशी असावी, यासाठी चिनी परंपरेत कोशातून रेशमाचा धागा उकलण्याची उपमा देतात. रेशमाविषयी अहिंसाप्रेमी समाजाची भूमिका सर्वश्रुत आहे. म्हणून त्याऐवजी चरख्यावर पेळूतून सूत काढणारा हात डोळ्यांसमोर आणावा. हात झटक्याने मागे गेला तर सूत तुटते, मध्येच थबकला तर गाठाळ होते. एकसारख्या गतीने ओढला तरच धागा सलग आणि सारख्या जाडीचा निघतो. ताई-चीतील एक हालचाल दुसरीत अशीच सलग मिसळली पाहिजे.

या व्यायामाचे लाभ केवळ श्रद्धेवर अवलंबून ठेवण्याचे आज कारण उरलेले नाही. अमेरिकेतील अटलांटा येथे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० वर्षे व त्यावरील २०० व्यक्तींचा समावेश होता. त्यात १५ आठवड्यांच्या ताई-ची प्रशिक्षणाने वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ऑरेगन राज्यात पडण्याचा धोका अधिक असलेल्या ६७० वृद्धांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, एक तास, याप्रमाणे २४ आठवडे तोलासाठी खास रचलेली ताई-ची करणाऱ्यांत, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते. विविध व्यायामांचा एकत्रित कार्यक्रम करणाऱ्यांच्या तुलनेतही ते ३१ टक्क्यांनी कमी होते. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील २०१२ सालच्या अभ्यासातही तोल सुधारल्याचे दिसून आले.

गुडघ्याच्या संधिवाताविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास २०४ रुग्णांचा होता. त्यात १२ आठवड्यांच्या ताई-चीने वेदनेत पडलेला उतार भौतिकोपचाराने पडलेल्या उताराइतकाच होता. सिडनी येथील डॉक्टर पॉल लॅम यांना स्वतःला तरुणपणापासून सांधेदुखीचा त्रास होता. त्यांनी सुन शैलीच्या आधारे संधिवाताच्या रुग्णांसाठी १९९७ साली एक छोटा क्रम तयार केला. सुन शैलीत पावले उंचावरून टाकली जात असल्याने गुडघे फार वाकवावे लागत नाहीत. रक्तदाब सीमारेषेवर असलेल्या ३४२ व्यक्तींवर चीनमध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभराच्या ताई-चीने वरचा रक्तदाब, वेगाने चालण्यासारख्या व्यायामांच्या तुलनेत अधिक उतरल्याचे आढळले.

तथापि लाभाची जमा बाजू सांगताना खर्चाची बाजू झाकून ठेवणे हे प्रामाणिक व्यवहाराला शोभणारे नाही. ताई-ची हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. कंपवाताच्या वरील अभ्यासातच, पडण्याच्या बाबतीत ताई-ची करणारे रुग्ण अंग ताणणाऱ्यांहून सरस ठरले, परंतु वजनांचा व्यायाम करणाऱ्यांहून स्पष्टपणे सरस ठरले नाहीत. कर्करोग अथवा मधुमेह 'मुळापासून बरा' करण्याची हमी कोणी देत असेल, तर त्या वर्गापासून दूर राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करणे हे तर धाडसच होय. हृदयविकार, चक्कर येणे, हाडांचा ठिसूळपणा, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया अथवा गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ल्यानंतरच आरंभ करावा.

नवशिक्यांना सर्वाधिक त्रास होतो तो गुडघ्यांचा, आणि बहुधा तो चुकीच्या पद्धतीमुळे होतो. खाली खोल बसल्याने शैली अधिक शोभिवंत दिसते, या समजुतीने उत्साही साधक पहिल्याच आठवड्यात गुडघे वाकवितो आणि दुसऱ्या आठवड्यात लंगडत घरी बसतो. त्यासाठी तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. गुडघा सदैव पावलाच्या बोटांच्याच दिशेला राहावा. तो बोटांच्या पुढे जाऊ नये. आणि पाऊल वळवावयाचे असल्यास त्यावरील भार आधी कमी करावा. भरलेल्या पायावर गुडघा पिळू नये. एकूण क्षमतेच्या सुमारे ७० टक्केच वापर करावा, असे अनेक अनुभवी शिक्षक सांगतात. वेदना हा पराक्रम गाजविण्याचा प्रसंग नसून थांबण्याची सूचना आहे.

साधनसामग्री म्हणाल तर नाहीच्या बरोबर. सैल सुती कपडे, सपाट तळाचे पादत्राण, न घसरणारी जमीन आणि सतरंजीएवढी मोकळी जागा पुरे. ज्यांचा तोल अगदीच डळमळीत आहे त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहावे. बसूनही करता येतील असे प्रकार आहेत. पोट भरलेले असताना हा अभ्यास करू नये. आरंभी रोज १५ मिनिटे पुरेत. आठवड्याला एक अथवा दोन हालचाली शिकल्यास सुमारे तीन ते सहा महिन्यांत २४ हालचालींचा क्रम ओळखीचा होतो. पुस्तक वा चित्रफीत स्मरणासाठी उपयोगी पडते, परंतु पाठीचा बाक आणि गुडघ्याची दिशा पाहण्यास दुसऱ्याचे डोळेच लागतात. म्हणून आरंभी शिक्षक असावा.

या वाटचालीतील अडथळे शरीराहून मनाचेच अधिक असतात. पहिला अडथळा संकोचाचा. नातवंडांच्या वयाची मुले हसतील, या विचाराने अनेकजण मागे फिरतात. दुसरा विस्मरणाचा. काल शिकलेली हालचाल आज आठवत नाही आणि 'आता हे वय शिकण्याचे नाही' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक विसरणे आणि पुन्हा आठवणे हाच मेंदूचा व्यायाम आहे. तिसरा अडथळा तुलनेचा. शेजारच्या व्यक्तीचा पाय किती उंच गेला, याकडे लक्ष गेले की स्वतःचा पाय डळमळतो. चौथा अधीरतेचा. पहिल्या महिन्यात गाढ झोप आणि मोकळे खांदे एवढाच अनुभव येईल; तोलातील सुधारणा कित्येक आठवड्यांच्या सातत्यानंतरच जाणवते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासांचा अवधी १२, १५, २४ आठवड्यांचा वा वर्षभराचा होता, हे ध्यानात ठेवावे. थोडे थोडे परंतु नित्य, हा बचतीचा नियम येथेही लागू पडतो.

चीनमधील प्रातःकाळच्या उद्यानांत एक दृश्य सर्वत्र आढळते. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या परिसरात पाहावे अथवा शांघायच्या एखाद्या बागेत पाहावे, वृद्ध माणसे एकटी सहसा नसतात. दहा-वीस जणांचा समूह असतो. जुना साधक पुढे, नवा मधोमध, म्हणजे कोणत्याही दिशेला वळले तरी नव्याच्या दृष्टीसमोर कोणीतरी जाणता असतोच. अभ्यास संपल्यावर गप्पा होतात, एखादा आला नाही तर त्याची चौकशी होते. एकाकीपण हाही वार्धक्यातील मोठा व्याधीच आहे आणि त्यावर या समूहाचा उपचार नकळत होत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम करावेत असे म्हटले आहे. आठ-दहा समवयस्क, एक जाणता शिक्षक आणि सकाळची अर्धी घटका एवढ्या भांडवलावर कोणत्याही गावात, कोणत्याही सभागृहात वा पटांगणात ही सूचना अमलात आणता येईल. ज्येष्ठ भगिनींनी यात विशेष पुढाकार घ्यावा. कारण वाढत्या वयात हाडांचा ठिसूळपणा स्त्रियांत अधिक असतो आणि व्यायामासाठी वेळ मात्र त्यांनाच सर्वांत कमी दिला जातो. घरातील तरुणांनी सकाळचा चहा स्वतः करून त्यांना ती अर्धी घटका मोकळी करून द्यावी.

धावणाऱ्या जगाच्या मागे धावता येत नाही म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही. पाऊल आधी चाचपावे, मग भार टाकावा, आणि भार टाकल्यावर डगमगू नये. एवढे साधले तरी पुढील पुष्कळ वर्षे स्वतःच्या पायांनी चालता येईल. उपस्थितांपैकी ज्यांनी अद्याप आरंभ केलेला नाही त्यांनी उद्या सकाळी केवळ दोन मिनिटे, खांदे सोडून, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून स्वस्थ उभे राहून पाहावे. पहिला धडा तेवढाच आहे.